एक घर गाळून

वरची वाडी, उमरठच्या वाटेला
ता. पोलादपूर
२५ मे २०२५

गावकीत परत गेलेल्या सौ. सरिता काशीराम यांस,
वईपलीकडच्या वाळीत पडलेल्या घरातून शकूचा नमस्कार.

पत्र बघून हसशील. तुझ्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळतं, आणि मी तुला पत्र लिहितेय! पण आमच्या घराशी बोलायचं नाही, बसायचं नाही, विस्तव-पाणी द्यायचं नाही, एवढंच गावकीनं ठरवलंय. लिहायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही. फोन केला असता, तर तो काशीभावजींच्या खिशात आणि भावजी पंचांच्या पंगतीत. म्हणून हे पत्र दुधाच्या पिशवीत घालून आपल्या दोन अंगणांमधल्या कुंपणात, वईतल्या आपल्या जुन्या उखळात ठेवतेय. वर फुटकं टोपलं घातलंय. उत्तर द्यायचं असेल तर तिथंच ठेव.

तुझ्या श्रुतिकाचं लग्न छान झालं म्हणे. म्हणे कशाला, मी बघितलं. वईच्या फटीतून बघितलं. जिला मी न्हाऊ-माखू घातलं, जिच्या डोक्यातल्या उवा काढल्या, तिची हळद मी फटीतून बघितली. हळद कुणी दळली? सुंदराबाईनं. गाणी कुणी म्हटली? सुंदराबाईनं. आणि तीसुद्धा चुकीची! दोन वर्षं ती बाई तुझ्या सावलीला उभी राहत नव्हती. आता तुझ्या मांडवात मिरवत होती आणि तू तिला "बाय, दमलीस गो" म्हणून सरबत देत होतीस. जळले मी, सरे. नाही म्हणत नाही. घरात जाऊन उगाचच घासलेली भांडी परत घासली.

आमच्या ह्यांनी पंचायतीच्या निवडणुकीचा अर्ज भरला, तो गावकीनं बिनविरोध ठरवलेल्या माणसाच्या विरोधात. त्या अर्जावर सूचक म्हणून सही केली काशीभावजींनी. म्हणून दोन्ही घरं वाळीत गेली. एकत्र गेलो होतो ना? मग यायचं होतं तर एकत्र यायचं. तुम्ही चैत्रात देवळात नारळ ठेवून माफी मागून आलात, आणि आम्हाला ते कळलं कशावरून? हाळीवरून! चांगूबाबा रोजच्यासारखा पाराजवळ उभा राहून घरांची नावं पुकारत होता, बैठकीला या म्हणून. तुमचं आणि आमचं नाव तो दोन वर्षं गाळत होता. त्या संध्याकाळी त्यानं "काशीराऽऽम" म्हटलं. मला वाटलं, आता आमच्या ह्यांचं "मुरारी" येईल. मी पदर सावरून उभी राहिले गो. तो खोकला, आणि पुढच्या घराचं नाव घेतलं, सुंदराबाईच्या नवऱ्याचं.

लेकीला माझा आशीर्वाद सांगू नकोस. दंड होईल.

शकू

२८ मे २०२५

शकूताईला सरिताचा नमस्कार.

तुझं पत्र मी गोठ्यात बसून वाचलं. उत्तराबरोबर लग्नातले दोन लाडू ठेवलेत. मुंग्या लागायच्या आत काढ.

एकत्र यायचं होतं म्हणतेस. मुरारीदादा आले असते का? ह्यांनी विचारलं होतं त्यांना. "मी चूक केली नाय तर नारळ कसला ठेवू?" असं म्हणाले. ते बरोबरच म्हणाले असतील. पण पाचाडच्या पाहुण्यांनी आम्हाला सरळ सांगितलं, मुलगी पसंत हाय, पण वाळीतल्या घरचं पाणी आम्ही कसं पिणार? माझ्या लेकीनं तुमच्या बाणेदारपणापायी घरात बसायचं का? अर्ज तुमचा, खुर्ची मिळती तर तीही तुमची. आमची नुसती सही.

आणि तुला वाटतंय मी फार सुखात आहे. तसं काही नाही. मी आत आहे म्हणजे दाराच्या आत आहे एवढंच. गवरीच्या फेराची तालीम आतापासूनच चाललीय, तिथं मला शेवटी उभं करतात. हात धरतात तेही दोन बोटांनी. सुखात कोण आहे ते देवाला माहीत.

सरिता

२९ जून २०२५

सरे,

लाडू चांगले होते. तूप कमी.

लावणीला आमच्या शेतात कुणी आलं नाही, हे सांगायला नकोच. हे आणि मी, दोघंच. पलीकडच्या खाचरात तुम्ही सगळ्या ओळीनं वाकलेल्या, वर एकीचं बोलणं संपायच्या आत दुसरीचं सुरू. मधेच सगळ्या हसलात. मी लगेच मान वर करून बघितलं, मला हसल्या का? मग दिवसभर तेच. माझं लुगडं फाटलंय का, मी लावलेली ओळ वाकडी गेली का? दोन वर्षांपूर्वी मी अशी होते का गो? तेव्हा लोक मला हसले तर मी त्यांच्याहून मोठ्यानं हसायचे.

आता खरं सांगते, फोन मी कुणालाच करत नाही. माझा आवाज फुटत नाही. माहेरहून भावाचा फोन आला की मी "हं, हं" करते. घसा कुणीतरी आतून धरल्यासारखा होतो. म्हणून हातानं लिहितेय.

मागच्या महिन्यात महाडला गेले होते. बाजारपेठेत महरुन्निसा म्हणून एक बाई शिवणाचं दुकान चालवते, नवरा मुख्तार कुवेतला. तिथं काम मिळेल असं ऐकलं होतं. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि शब्द निघेना. तिला वाटलं, मी मुकी आहे. तिनं हातानं खुणा करून विचारलं, काज-बटण येतं का? मी मान हलवली. आठवडाभर मी तिथं मुकी म्हणूनच बसले! मग एकदा तिच्या मुलीनं, उमैमानं, माझ्या पायावर इस्त्री पाडली आणि माझ्या तोंडातून अशी एक शिवी गेली की दुकान दणाणलं. महरुन्निसा हसून हसून लोळली. "अल्ला, ही तर पोलादपूरची निघाली!" आता मी तिथं बोलते. चहा पितो, एकमेकींची उणीदुणी काढतो. तिच्या हातचं तुझ्यापेक्षा बरं असतं, तूप वगैरे.

आमचे हे म्हणतात, पोलादपूरला जाऊन तक्रार करू, कायदा आहे. असेल. कायदा पंचांना दंड करील, पण फेरात माझा हात कोण धरील?

एक सांग. तो चांगूबाबा हाळीत माझ्या घराच्या नावाच्या जागी रोज मुद्दाम का खोकतो? थुंकल्यासारखा? मी परवा तो वाटेवरून जाताना धुण्याचं पाणी त्याच्या पायाशी ओतलं. म्हातारा असला म्हणून काय झालं.

शकू

७ जुलै २०२५

शकूताई,

चांगूबाबाच्या पायाशी पाणी ओतलंस? अगो काय केलंस हे!

पंचांनी त्याला सांगितलंय, मुरारीचं नाव पुकारायचं नाही. तो म्हणाला, नाय पुकारणार. पण खोकायचं नाही असं त्याला कुणी म्हटलेलं नाही. मी विचारलं होतं त्याला. तो म्हणाला, "माझ्या बापानं मला घरं जशी पाठ करून दिली, तशी हायत ती. एक घर गाळून पुढं गेलो तर पुढचं समदं चुकल. मी जागा राखतो गो त्यांची." आम्ही वाळीत होतो तेव्हा तो दोनदा खोकायचा, तुला आठवत नाही? आपल्याला वाटायचं, म्हाताऱ्याला दमा आहे.

तुला आता सगळ्यांचा सगळ्यात वाईट अर्थच लागतो. रागावू नकोस, पण लागतो.

आणि त्या महाडच्या बाईचं कौतुक पुरे झालं. दोन वर्षं तू आणि मी, दुसरं कुणी नव्हतं. एका उखळावर कांडलं, एका पऱ्याच्या वाहत्या पाण्यावर धुतलं, दोघींचा फेर धरला आणि चक्कर येऊन पडलो. तेव्हा माझ्याजवळ तुझा घसा कधी दाटला नाही. आता तिच्याजवळ तो सुटतो आणि मला कागदावर "तूप कमी"? तिला आपली गाणी म्हणून दाखवलीस का? खरं सांग. दाखवली असशील तर मला कळव, म्हणजे मी एकदाची मोकळी होईन.

इथं माझं काय चाललंय ते लिहिण्यासारखं नाही. फेरात मी शेवटीच उभी असते. गात नाही. कोण गाऊ देणार मला, माझा घसा तुला माहीत आहे, तवा खरवडल्यासारखा.

सरिता

१० ऑगस्ट २०२५

सौ. सरिता यांस,

चांगूबाबाला मी वाटेत गाठून हात जोडले. बोलता आलं नाही. त्यानं नुसती मान हलवली आणि खोकला.

हे झालं त्याचं. आता तुझं.

काल दुपारी महाडहून लवकरची गाडी मिळाली. देवळाजवळून येताना तालीम ऐकू आली. तवा खरवडल्याचा आवाज आला. तू शेवटी उभी नव्हतीस. मधे होतीस, आणि फेराला पुढची ओळ देत होतीस. आणि गाणं माझं होतं.

गवर गेली गो सरीच्या दारी,
सरी गेली पाण्याला, घागर राहिली घरी,
हसू कुठं दाबू गो, हसू कुठं दाबू?

हे कुणी जुळवलं होतं? मी जुळवलं, तू घागर विसरून पऱ्यावर गेलीस त्या दिवशी! आपल्याला कुणी हाळी देत नव्हतं म्हणून मी गवरीला हाळी द्यायला लावली, घरोघर, चांगूबाबाच्या क्रमानं, सगळी वाडी. ज्यांनी आपल्याला टाकलं त्यांचीसुद्धा कडवी केली. ते गाणं देऊन तू फेरात जागा घेतलीस. माझ्या जागेवर उभी राहून, माझं गाणं, आणि तेही बेसूर!

तेवढंही गिळलं असतं. पण मी झाडामागं थांबले, माझं कडवं ऐकायला. तुझ्या दारानंतर माझं दार. आणि तू एक श्वास घेतलास आणि सरळ गेलीस सुंदराबाईच्या दारी.

पंचांनी मला गावातून गाळलं. तू मला माझ्या गाण्यातून गाळलंस. चांगूबाबा निदान खोकतो तरी.

मला पुन्हा लिहू नकोस. उखळ मी पालथं घातलं असतं, पण ते हलत नाही.

शकू

१४ ऑगस्ट २०२५

शकूताई,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितेय.

हो, घेतलं मी तुझं गाणं. आषाढात एकदा सगळ्या मला सोडून कुजबुजत होत्या. मला वाटलं, आता मला परत बाहेर काढणार. त्या भीतीनं मी काहीतरी म्हणायचं म्हणून ते म्हटलं. सगळ्या थांबल्या. सुंदराबाई म्हणाली, "परत म्हण गो." ताई, दोन वर्षांत पहिल्यांदा मला कुणी काही परत कर म्हणालं होतं. दुसऱ्या दिवशी माझा हात धरला तो पाचही बोटांनी.

"हे कुणाचं?" असं एकीनं विचारलं. मी म्हटलं, माझं.

आणखी सांगते, मग एकदाच काय ते फोड माझं तोंड. त्या तुझ्याबद्दल काहीबाही बोलतात आणि मी हसते. हसायचं नसतं, पण माझं तोंड आपलं आपण हसतं. त्यांच्या प्रत्येक गोष्टीला मी "व्हय व्हय" करते. घरी आले की ह्यांच्यावर खेकसते. वाळीत होते तेव्हा बाहेर ठेवल्याचं दुःख होतं, आता बाहेर ठेवतील याचं. पहिलं दुःख बरं होतं. त्यात तू होतीस.

मला तुझा पहिल्यापासून हेवा आहे. तू वाळीत पडलीस तरी वाडी कुजबुजते ती तुझ्याच आवाजाबद्दल. "शकू असती तर" असं सुंदराबाईसुद्धा एकदा म्हणाली आणि जीभ चावली. मी आत असून माझ्याबद्दल कुणी काही म्हणत नाही.

सरिता

२४ ऑगस्ट २०२५

ताई,

आधीची पिशवी उखळातच आहे. पाणी शिरलंय. तू काढली नाहीस.

मुंबईची माणसं उद्यापासून वीर स्टेशनला उतरतील. गवर पूजनाच्या दिवशी दुपारी फेर आमच्या अंगणात येणार आहे. परत घेतलेल्या घराचा मान म्हणून. मला लांब कुठं नेऊन फेर धरायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुझ्या ओटीवरून सगळं दिसेल. त्या दिवशी महाडला जा. तिच्याकडं.

सरिता

२ सप्टेंबर २०२५

सरे,

दोन्ही पत्रं काढली. आधीच्याची शाई पसरली होती, तरी वाचलं. सगळं लागलं.

मी महाडला गेले नाही. का जाऊ? माझी ओटी आहे. महरुन्निसानं सांगितलं होतं, "जा आणि समोर बस. लपलीस तर त्यांचंच खरं होईल." तुला विचारायचं होतं ना, तिला गाणी म्हणून दाखवली का? नाही दाखवली. तिनं मागितली तरी नाही.

मी तांदूळ निवडायला घेऊन ओटीवर बसले. एकही खडा काढला नाही. तुम्ही आलात, नटून. तुझी हिरवी साडी डोळ्यात खुपली. माझ्या ओटीकडं पाठ करून तू उभी राहिलीस, आणि गाणं सुरू केलंस. मी मनात घरं मोजत होते. तुझं दार आलं, घागर आली, हसू आलं. मी डोळे मिटून घेतले. आता ती श्वास घेईल आणि पुढं जाईल.

आणि तू खोकलीस.

मला वाटलं, ठसका लागला. मग परत खोकलीस, चांगूबाबासारखी, पुढं वाकून. पाय चालू, हात धरलेले, आणि गाणं बंद. तू पाठमोरी होतीस म्हणून तुला दिसलं नसेल, सुंदराबाई तुझ्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ. आणि ती खोकली. मग तिच्या पलीकडची. मग सगळ्याच! असा खोकला सुटला फेराला की मुंबईहून आलेल्या एका बाईनं पिशवीतून गोळी काढली. मला आधी हसू आलं आणि मग रडू, आणि फेर तुझ्या अंगणात नुसता फिरत होता, पायांच्या तालावर, पुढचं कडवं कुणी घेईना. जागा राखून ठेवली होती.

मला कुणी बोलायचं नाही असं ठरलंय. मी गायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही.

गवर गेली गो शकूच्या दारी,
दाराला कडी गो, कोण नाय बाहेरी,
बोलू कुणासंगं गो, बोलू कुणासंगं?

पहिली ओळ फाटली. दुसरी जरा धरली. तिसरीला घसा सुटला. तुला वाटेल, तुला माफ केलं म्हणून गायले. तसं नाही. दुसऱ्या "बोलू"ला चढ आहे, तो तू कधीच घेतला नसतास, आणि माझं कडवं माझ्या डोळ्यांदेखत वाया गेलेलं मला सोसवलं नाही. फेरानं ते परत म्हटलं, ते मात्र सुरात होतं. तुझ्या एकटीचा सूर सोडून.

साडी कुठून घेतलीस?

शकू

४ सप्टेंबर २०२५

शकूताई,

साडी श्रुतिकाच्या सासरची.

उद्या संध्याकाळी देवळात बोलावलंय, आम्हा दोघांना. खोकल्या सगळ्या, पण पहिली मी. पंच म्हणतात, सर्दी झाली होती एवढं देवासमोर सांग, विषय संपला. हे म्हणतात, सांगून टाक, एका शब्दाचं काम आहे. खरंच एका शब्दाचं काम आहे. लेक तर सासरी गेली, तिथं आता कुणी काही विचारणार नाही. तरी खरं सांगायची भीती वाटते. फेरात परवा सगळ्यांनी पाचही बोटांनी हात धरले होते, ते सुटायचे. काय सांगेन ते मलाच माहीत नाही. तू ओटीवर बसू नकोस, मला बघवणार नाही.

सरिता

६ सप्टेंबर २०२५

सरे,

बसले होते मी ओटीवर. तुझा आवाज तवा खरवडल्यासारखा आहे हे किती बरं, देवळातून इथपर्यंत आला. "मला सर्दी नव्हती." तेवढंच. पुढचं पुरुषांच्या आरडाओरड्यात गेलं. येताना काशीभावजी तुझ्या मागून चालत होते, खाली मान घालून, पण हातात तुझी छत्री होती. ते रागावले असतील. निवळतील. अर्जावर सही करताना कुठं विचारलं होतं त्यांनी तुला?

खोकल्या सगळ्या, टाकलं एकाच घराला. बरोबर आहे, सगळ्यांना टाकलं तर गावकीत बसणार कोण?

आज हाळी झाली. तू घरात होतीस, दार लावून. ऐकलंस का? चांगूबाबा पाराजवळ उभा राहिला, वरून एकेक घर घेत आला आणि आपल्याजवळ आल्यावर दोनदा खोकला. पहिला तुझा, दुसरा माझा. पहिला जरा मोठा वाटला मला, पण असो.

तुझं वाईट झालं. मला त्याचं दुःख व्हायला हवं. पण मला आनंद झाला गो, इतका की मी तोंडात पदर कोंबून घरात फिरत होते. अशी मी झाले आहे. तू हिरवी साडी नेसून त्या सगळ्यांत मिरवण्यापेक्षा माझ्याजवळ वाळीत बरी, असं वाटणारी. तुला राग आला तर ये आणि शिव्या दे.

म्हणजे आता देता येतील. मघाशी लिहायला घेतलं तेव्हा ध्यानात आलं आणि मी पेन खाली ठेवून हसत बसले. वाळीतल्यानं वाळीतल्याशी बोलायचं नाही, असं कधी ठरलंच नव्हतं. मग हे मी कुणाला लिहितेय?

उखळातलं टोपलं काढलंय. आत पाणी साचलंय, ते दोघींनी मिळून काढायला लागेल. वईपाशी ये. त्या "बोलू"चा चढ कसा घ्यायचा ते तुला तोंडानं सांगते.

शकू